दाबून बसलेला

गोळी झोपेची होती. मी ती चमच्यात चुरली, गुळाच्या पाण्यात कालवली आणि भावजींच्या गालाच्या आत सोडली. गिळायचं तेवढं त्यांना येत होतं. हनुवटीखाली बोटानं चोळलं की घोट खाली जायचा. बाहेर पानं खुडायला बायका येऊन बसल्या होत्या, मला त्यांच्याबरोबर पानमळ्यात जायचं होतं, आणि हा माणूस सकाळपासून कण्हत होता. तोंड न उघडता, एकाच सुरात, लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसा. रात्री कण्हायला लागले म्हणून डॉक्टरांनी ही नवी गोळी आजपासून रात्री द्यायला सांगितली होती. मी म्हटलं, रात्रीचं रात्री बघू. आत्ता तासभर झोपले तर माझं काम तरी उरकेल.

वाटी धुतली, भाकरी बांधून घेतली, बायकांना पुढं पाठवलं. निघता निघता भावजी झोपले का बघायला खोलीत डोकावले. डोळे उघडेच होते. तसे ते दिवसा उघडेच असायचे, त्यात नवल काही नाही. पण आज ते डोळे माझ्याकडे बघत होते.

"वैनी, पानी."

मी काही भित्री बाई नाही. मळ्यात नाग निघाला तर गडी मागं आणि मी काठी घेऊन पुढं. पण त्या दुपारी भाकरीचं फडकं हातातून गळून पडलं आणि मला खाली वाकून ते उचलता येईना. चार वर्षांत त्या तोंडातून शब्द आला नव्हता.

"काय म्हणालात?"

"पानी द्या की. घसा कोरडा पडलाय." मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "तुमी अशा वाळलाय का वो?"

मी तांब्या आणला. त्यांनी हात पुढं केला, तो तांब्यापर्यंत पोचेना, म्हणून मीच पाजलं. घटाघटा प्याले. खिडकीबाहेर चैत्राचं ऊन पेटलं होतं. तिकडं बघून म्हणाले, "पाऊस थांबला व्हय?"

हा माणूस चार वर्षांपूर्वीच्या पावसातनं बोलत होता.

"थांबला," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

"टेंपो?"

"आहे. तुम्ही बोला. बोलत राहा भावजी, थांबू नका."

आवाज ऐकून आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, परसातनं धावत आल्या. हात शेणानं भरलेले, तशाच. भावजींनी त्यांच्याकडे मान वळवली, "आई" म्हणाले, आणि मग त्यांची जीभ जड व्हायला लागली. दोन शब्द कळले, तिसरा नुसता श्वासच आला. कुणीतरी कंदील घेऊन आतल्या खोलीत जावं, मग तिच्याही आतल्या खोलीत, आणि आपण ओसरीवर अंधारात उभं राहावं, तसं झालं. डोळे उघडे राहिले. त्यांच्यात कुणी राहिलं नाही.

आत्तींनी शेणाचे हात लुगड्याला पुसले. मग हळूच म्हणाल्या, "उत्तम नव्हता त्यो."

"मग कोण?"

"आवाज वळखला न्हाईस? जालिंदर हुता."

जालिंदर म्हणजे माझे मालक. भावजींचे थोरले भाऊ.

आता हे मागचं सांगायलाच हवं. आमचा पानमळा मिरजेच्या पूर्वेला. विड्याची पानं चिपळूणला जायची. दोघं भाऊ आठवड्याला टेंपो घेऊन घाट उतरायचे आणि पानं उतरवून दुसऱ्या दिवशी परत यायचे. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात परतताना घाटातल्या वळणावर टेंपो दरीत गेला. खाली ओढा फुगला होता. उत्तमभावजी खडकावर सापडले, डोक्याला मार. मालक सापडले नाहीत. मी विणलेला त्यांचा स्वेटर टेंपोत मिळाला, पोलिसांनी तो आणून दिला. पंधरा दिवस माणसं ओढ्याच्या काठानं फिरली. पेपरात दोघांचे फोटो आले. सगळे म्हणाले, वाहून गेला. मी म्हटलं, दाखवा. अंगठा तरी दाखवा. कुणाला दाखवता आला नाही, म्हणून मी कुंकू पुसलं नाही.

आणि खरं सांगते, मला ते हवे होते. गोड बोलायचे. मी पडले तोंडाची फटकळ. ते नुसते हसायचे आणि माझं फटकळपण तिथंच विरघळायचं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, पण त्यावरून ते मला एक वाकडा शब्द कधी बोलले नाहीत. असा माणूस असा कसा जाईल? येईल, असं मला वाटायचं. दारात खुट्ट झालं की मी बघायची.

भावजींचं मात्र विचित्र होऊन बसलं होतं. पुरते बेशुद्ध असते तर एक वेळ समजलं असतं. पण ते सकाळी कोंबड्याबरोबर डोळे उघडायचे, दिवसभर उघडे ठेवायचे आणि दिवेलागण झाली की मिटायचे. आमच्यापेक्षा त्यांची झोप वक्तशीर. जाग यायची, पण जागं कुणी व्हायचं नाही. नवी माणसं भेटायला आली की त्यांच्याशी बोलायला लागायची आणि मग घाबरून उठायची. भावजींचं लग्न जमलं होतं, ते पोरीकडच्यांनी मोडलं, त्यांना तरी काय बोल लावायचा!

आत्तींनी यातून आपला एक अर्थ काढला होता. जालिंदर मेला, त्याला अग्नी मिळाला नाही, म्हणून तो पाठच्या भावाच्या अंगावर बसलाय. उत्तमला उठू देत नाही. उपाय एकच. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं लावायचं आणि नदीकाठी रीतसर दहन करायचं. पालाशविधी म्हणतात त्याला. बारा वर्षं थांबायची रीत आहे, पण भटजी म्हणाले होते की अपघात आहे, घरात त्रासही आहे, तर अलीकडं केलं तरी चालेल. अडलं होतं माझ्यापाशी. बायको "हो" म्हणाल्याशिवाय हात लावायचा नाही, असं आमच्या भावकीत होतं, आणि मी "हो" म्हणत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला डॉक्टरांकडे गेले. आत्ती हट्टानं बरोबर आल्या. डॉक्टरांचा आधी विश्वासच बसेना. खुर्ची पुढं ओढून मला पुन्हा पुन्हा विचारायला लागले, काय बोलले, हाक कशी मारली, किती वेळ. मग टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

"बाई, असं बाहेरच्या देशात एक-दोन जणांचं झालेलं मी वाचलंय. माझ्या डोळ्यांदेखत कधी नाही."

"पण झोपेच्या गोळीनं माणूस उठतो कसा? मला तर उलटंच झाल्यासारखं वाटतंय."

"उलटंच आहे." त्यांनी स्वतःच्या मानेच्या वर, मागच्या बाजूला बोट ठेवलं. "हे बघा, इथं मेंदूचा देठ असतो. जागं व्हायचा आणि झोपायचा हुकूम तिथून सुटतो. तुमच्या दिराचा देठ शाबूत आहे. म्हणून डोळे वेळेवर उघडतात, वेळेवर मिटतात. पण तो हुकूम वरच्या मेंदूला पोचवायला मधे एक चौकी असते. ती चौकी मार लागल्यापासून दबून गेलीय. मेंदूतलाच दुसरा एक भाग तिला दाबून ठेवतो. आपल्यातही ठेवतो, पण आपल्यात बेतानं. यांच्यात त्याचा हात सुटलाच नाही."

"आणि गोळी?"

"गोळी तुम्हाआम्हाला दिली तर जागं ठेवणारा भाग गप्प होतो. यांच्या डोक्यात ती त्या दाबणाऱ्याला लागू पडली असावी. दाबून बसलेला झोपला की खालचा उठतो. गोळी उतरली की पुन्हा तेच."

आत्तींनी माझा दंड घट्ट धरला. "बग! बग! डाक्टर पण त्येच म्हनतोय. दाबून बसलाय!"

"अहो आजी, मी मेंदूबद्दल बोलतोय."

"मी बी त्येच म्हनतीया, बाबा. कुठं बसलाय ते तुमी सांगितलंत, कोन बसलाय ते मला ठावं हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. हसू आलं मला, आणि रडूही. त्यांनी बजावून सांगितलं की रोज देऊ नका, जपून द्या, आणि प्रत्येक वेळी गुण येईलच असं धरून चालू नका. अशा गोळीची सवय होते, मग ती लागू पडत नाही.

पुढच्या वेळी गोळी दिली तेव्हा आत्ती आणि तात्या, म्हणजे सासऱ्यांचे चुलत भाऊ, दोघं पाटावर बसले होते. आत्तींनी उदबत्ती लावली, अंगारा हातात. मला राग आला. आजारी माणसाच्या खोलीला त्यांनी देव्हारा करून टाकला होता. भावजींच्या पापण्या फडफडल्या, ओठ हलले, आणि नजर आत येऊन बसली. ती येताना दिसायची, ते बघणं फार अवघड.

"कोन हाईस तू?" आत्तींनी विचारलं.

भावजी गोंधळले. "आई, मी."

"मी म्हंजे कोन? नाव सांग."

"आगं उत्तम."

"खोटं नको बोलूस. जालिंदर कुठं हाय?"

भावजींचा चेहरा मी बघत होते. नाव ऐकल्यावर तो असा झाला, की जणू कुणी मुस्काटात मारली. आईकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, आणि शेवटी माझ्याकडं. माझ्या कपाळाकडं. डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं.

"दादाचं इच्यारू नका," एवढंच म्हणाले.

"बगा! रडतोय," आत्ती तात्यांना म्हणाल्या. "सुटका मागतोय लेकरू."

तात्या हात जोडून उभे राहिले. बाहेर जाऊन भावकीत सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की जालिंदर बोलतोय. दुसऱ्या दिवशी बायका खणानारळ घेऊन दारात! मी त्यांना आल्या पावली पिटाळलं.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. त्या डोळ्यांत भुताचं काही नव्हतं. ओशाळं होऊन बघणाऱ्या माणसाची नजर होती ती. भावजींना काहीतरी ठाऊक होतं, आणि आईसमोर ते बोलणार नव्हते. चार वर्षं मी एकाच गोष्टीच्या उत्तरासाठी तिष्ठत बसले होते. ते उत्तर माझ्याच घरात, मीच भरवत होते त्या तोंडात पडून होतं.

शनिवारी आत्ती मारुतीला तेल घालायला गेल्या. मी दार लोटून घेतलं आणि गोळी दिली.

या खेपेला उशीर लागला. मी त्यांच्या उशाशी बसून राहिले. उन्हाचा कवडसा जमिनीवरून सरकत पलंगाच्या पायापाशी आला. मला वाटलं, आता काही होत नाही. तेवढ्यात तळघरातनं यावा तसा आवाज आला.

"वैनी, किती येळ हाय आज?"

म्हणजे त्यांना कळत होतं. आपण येतो आणि जातो, हे त्यांना कळत होतं!

"ठाऊक नाही. थोडाच असेल. भावजी, तुम्ही मधल्या वेळात कुठं असता?"

"हितंच." ते खिडकीकडं बघत बोलत होते. "पयल्या दिशी गोंधळलो, पर सगळं ऐकू येतं. तुमी अंग पुसता, भरवता, त्ये कळतं. आई अन् तात्या पुतळ्याचं बोलत्यात, त्ये बी ऐकलं. मी आतनं वरडतो. आवाजच निघत न्हाई."

चार वर्षं मी त्यांच्यासमोर काय काय बोलले असेन! कंटाळून, चिडून. एकदा तर "सुटले असते तर बरं" असंही म्हटलं होतं.

"झोप तरी लागते का?"

"रात्री लागती. जाग येती त्येच वंगाळ." मग एकदम त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. लाकडासारखा, थंड. "वैनी, पुतळा जाळू देऊ नका."

"का?"

"जित्त्या मानसाला जाळायचं नसतं."

बाहेर कोंबडी ओरडत होती, ती तेवढी ऐकू येत होती.

"जिवंत आहेत?"

"टेंपोत दादा नव्हताच. चिपळूणात पानं उतरवली आन् मला म्हनला, स्टँडवर चल. तितं एक बाई हुती. कडंवर पोर हुतं."

"कुणाचं पोर?"

भावजींनी नजर फिरवली. त्यांना वेळ नव्हता आणि तरी बोलेनात.

"कुणाचं पोर, भावजी?"

"पोराचं कान आक्षी दादाचंच हुतं."

असं म्हणतात की असल्या वेळी बाईला रडू येतं. मला नाही आलं. माझं सगळं अंग कानांपासून तापत गेलं, बस्स.

"मग?"

"गोव्याच्या गाडीत बसली तिघं. सोटर काडून माज्या अंगावर टाकला. तिकडं थंडी नसती म्हनला. मी इच्यारलं, घरी काय सांगू? म्हनला, काय सांगायचं त्ये तूच ठरीव." त्यांचा आवाज फाटला. "मी रडत गाडी चालवत हुतो वो. तुमास्नी कोनत्या तोंडानं सांगू, एवढंच डोक्यात. वळान दिसलंच न्हाई."

मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. याच्याहून दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

"तुमचा काही दोष नाही. ऐकताय? तुमचा काही दोष नाही."

"आईला सांगू नका." जीभ जड व्हायला लागली होती. "दादा तिचा जीव हाय. हे कळलं तर मरंल ती. आन् जाळू बी नका. जित्त्याला जाळलं तर..."

"अहो, दोन्ही कसं जमायचं? आत्तींना सांगायचं नाही आणि विधीही थांबवायचा, कसा? भावजी!"

पण कंदील आत गेला होता. मी खांदे धरून हलवलं, गालावर चापट मारली. डोळे खिडकीकडंच लागलेले. आणि आता मला ठाऊक झालं होतं, की आतल्या कुठल्याशा खोलीत माणूस उभा आहे आणि ओरडतोय. ते माहीत नव्हतं तेव्हाच बरं होतं.

त्या दिवसानंतर मी मळ्यात गेले की वेलींमधे बसून राहायची. पानमळ्यात भर दुपारी सुद्धा अंधार असतो, गार असतं, कुणाला दिसत नाही. तिथं बसून मी एकच गोष्ट उगाळत होते. बाई केली ती केली. पोर झालं ते झालं. माणसं करतात असलं, मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण पेपरात फोटो आला होता. गोव्यातही आपली माणसं आहेत, तिकडंही मराठी पेपर जातो. आणि समजा पेपर चुकला, तरी वर्षाकाठी एक फोन? पाठचा भाऊ आपल्यापायी रडत निघाला, तो घरी पोचला का, एवढं तरी? एक तर त्यांना सगळं कळलं होतं आणि मेलेलं राहणं सोयीचं पडलं होतं, नाही तर त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पुन्हा गोळी देऊन बघितली. भावजींच्या पापण्या थरथरल्या, एवढंच. आठवडा सोडून परत दिली. काहीच नाही. डॉक्टरांनी मान हलवली. दाबणाऱ्यानं गोळी ओळखली होती, आता तो तिला भीत नव्हता. हे माझे शब्द. डॉक्टर काहीतरी निराळं म्हणाले.

इकडं आत्तींनी अन्न सोडलं. एका सकाळी मी चूल सारवत होते, तर मागून येऊन त्यांनी माझे पाय धरले. सासूनं सुनेचे! मी झटकन मागं झाले तर गुडघ्यावर सरकत पुढं आल्या.

"माजं दोन लेक हुतं मालन. एक गेला. दुसऱ्याला तरी सोडीव गं. तू व्हय म्हन. मग मला मराण आलं तरी चालंल."

त्यांना काय सांगायचं? की तुमचा थोरला मेलेला नाही, तो तुम्हाला टाकून गेलाय? त्यांच्याकडं बघितलं आणि मला कळलं, की भावजी म्हणाले ते अगदी खरं आहे. मेलेल्या लेकावर ही बाई जगू शकत होती. जिवंत लेक तिला पेलला नसता.

"करा," मी म्हटलं. "पण तुम्ही जेवा आधी."

अमावास्येच्या दिवशी आम्ही कृष्णेच्या काठी गेलो. भर दुपार, वारा नाही, पाणी खाली गेलेलं. भावजींनाही ट्रॉलीत घालून आणलं होतं. आत्तींचा हट्ट, की थोरला सुटताना धाकट्यानं समोर असावं. बाज चिंचेच्या सावलीत ठेवली. भटजींनी पळसाची पानं मांडली, हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ. वर मालकांचा सदरा घातला, पांढरा, लग्नातला. लांबून बघितलं तर कुणी उताणं झोपलंय असंच वाटावं. पानं सुकून आक्रसत होती, त्यामुळं सदरा मधेच हलायचा, पोटाजवळ, श्वास घेतल्यासारखा. माणसं तिकडं बघायचं टाळत होती.

अग्नी देण्याआधी आमच्यात एक रीत आहे. बायकोनं वाहत्या पाण्याकडं तोंड करून तीनदा हाक मारायची, नावानं. माणूस कुठं जिवंत असला तर ओ देतो म्हणतात. ओ आली तर जाळायचं नाही, सामान गुंडाळून घरी जायचं. ओ कधीच येत नाही, पण हाक मारायची.

मी त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिले.

"जालिंदर!"

पहिली हाक माझी मलाच ऐकू आली नाही. मागं आत्ती हुंदके देत होत्या.

"जालिंदर!"

ही पलीकडच्या काठावर जाऊन आली. मग मला काय झालं कुणास ठाऊक. स्टँडवरची ती गाडी डोळ्यांसमोर आली, ते पोर आलं, आणि पोटाच्या तळातनं माझा आवाज निघाला. शिवी द्यावी तशी मी हाक मारली.

"जालिंदर!"

"ओ."

चिंचेखालून आली. मोठी नाही, घोगरी, घशातल्या सगळ्या गाठी तोडून आलेली. पण ओ होती. सगळ्यांनी ऐकली. भटजींच्या हातातला तांब्या कलंडला. आत्ती जमिनीवर बसल्या. तात्यांच्या हातात पेटती चूड होती, ती त्यांनी अंगापासून लांब धरली आणि एक पाऊल मागं सरकले. मेलेला जित्त्याच्या तोंडानं बोलला, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं.

गोळी दिलेली नव्हती. गोळी तर आता लागूच पडत नव्हती. ही ओ त्यांनी कुठल्या ताकदीनं वर आणली असेल, ते त्यांचं त्यांनाच माहीत. तिथं जमलेल्या एवढ्या माणसांत, जालिंदर जिवंत आहे हे ठाऊक असलेली आम्ही दोघंच होतो. एक पाण्यात उभी, एक बाजेवर पडलेला.

"मालन," तात्या कसेबसे म्हणाले. "ओ आली. आता काय करायचं?"

भटजी पोथी मिटायला लागले होते. मी पाण्यातनं बाहेर आले. पाय ओले, त्यांना वाळू चिकटलेली. तात्यांच्या हातातनं चूड घेतली. त्यांनी सोडली, त्यांनाही ती नकोच होती. मी सदऱ्याच्या छातीवर चूड ठेवली. पळसाची पानं कडकडून पेटली, नारळ तडकला, आणि ज्वाळ एवढी वर गेली की लोक मागं हटले. कुणी मला अडवलं नाही. बाईच्या जातीनं अग्नी दिला म्हणून पुढं वर्षभर भावकीत बोलत होते, तेवढंच.

जळून खाली बसल्यावर मी चिंचेखाली गेले. भावजींचे डोळे उघडे होते, रोजच्यासारखेच. ते कुठं बघत होते, सांगता येत नव्हतं. पण मला ठाऊक होतं, ऐकताहेत. त्यांच्या गालावरची माशी पदरानं हाकलली आणि कानाशी वाकले.

"ऐकलं मी, भावजी. पण ज्यानं ओ द्यायची, त्यानं नाही दिली."